तात्यांची सही राहिली

नंदिनी,

तुला फोन लावला होता, पण रिंग वाजायच्या आत मीच कट केला, म्हणून लिहून ठेवतोय. फ्लॅटच्या लोनसाठी वडिलांनी दिलेल्या पैशांच्या कागदावर त्यांची सही लागते म्हणून तात्यांना निरवांगीहून बोलावून बँकेत नेलं. साहेबांनी सहज विचारलं, "मुलाला सहा लाख दिलेत ते बक्षीस ना? परत नाही ना घेणार?"

तात्या ताडकन उठले. "माझं पोरगं कुणाचं बुडवणारं न्हाय, सायेब! पै न् पै फेडंल त्यो."

सगळी बँक वळून बघायला लागली. साहेब म्हणाले, उसने असतील तर प्रकरण अडकतं, आणि त्यांनी कागदच वाचून दाखवला : ही रक्कम मुलाने परत करायची नाही. खाली माझी सही आधीच होती. तात्या तिच्याकडं बघतच राहिले. मग पेन तसंच ठेवून बाहेर पडले, चहासुद्धा न घेता एसटीत बसले.

मी गाडीवर त्यांच्या मागं निघालोय. दूध तापवलंय. स्वरूपाला शाळेतून तू आण. बिल्डरचा फोन आला तर उचलू नकोस.

पैसे घेतले तेव्हा फेडायचे की नाही, हे आपण दोघं एकदाही बोललो नाही गं. बँकेच्या पायरीवर तात्यांनी एवढंच विचारलं, "आमी परत घेतलं नसतंच, रवी. पर तुज्या मनात द्यायचं नव्हतंच व्हय?"