टेकू लावलेली इमारत

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

तू पाठवलेले कागद मिळाले. आईचा खोकला कमी झाला का? वहिनीला सांग, स्वेटर अगदी मापात बसला.

कागदांवर सही अजून केलेली नाही. रागावू नकोस, आधी वाच.

बाबांच्या माघारी तू इमारत कंपनीच्या नावावर केलीस, तेव्हा मला तुझं कौतुकच वाटलं होतं. "भाडेकरू उद्या कोर्टात गेले तरी दावा कंपनीवर. आपल्या राहत्या घराला धक्का नाही," असं तू समजावलं होतंस. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. आता तू बाजूला होऊन मला डायरेक्टर करतोयस म्हटल्यावर तर मी हरखलेच. म्हटलं, जिचा कारभार बघायचा ती इमारत एकदा डोळ्यांखालून तरी घालावी.

तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी चहा दिला. बोलता बोलता छतातून चिमूटभर वाळू माझ्या कपात पडली. त्यांनी दुसरा कप भरला आणि वर बशी झाकली. सवयीनं. मग मला जिन्याखाली घेऊन गेल्या. तिथे लोखंडी टेकू उभे आहेत, पुढे जुनी कपाटं लावून झाकलेले.

"तुमच्या दादांनीच लावले," त्या म्हणाल्या. "म्हणाले, बोभाटा करू नका, महिन्याभरात मी यातून मोकळा होतोय."

दादा, मोकळा म्हणजे माझ्या सहीनं ना?

घरी परतल्यावर एका वकीलबाईंना विचारलं. "कंपनीमुळे घर वाचतं, खरंय," त्या म्हणाल्या. "पण धोका ठाऊक असून जो गप्प बसला, तो नाही वाचत. डायरेक्टर बदलला तरी नाही." वर म्हणाल्या, "आणि आता तुम्हालाही ठाऊक आहे."

आज सकाळी पुन्हा इमारतीत येऊन इथलं प्रत्येक दार ठोठावलं, सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं, नगरपालिकेतही कळवलं. तुला फोन केला तर तू एवढंच विचारलंस, "कुणाकुणाला सांगितलंस?" टेकू टिकतील का, हे नाही विचारलंस. त्यानंतर फोन उचलतच नाहीस.

बाकीचे निघाले. नर्सबाईंच्या सासूबाई मात्र हटून बसल्यात. त्यांचा मुलगा उचलायला गेला तर खाटेचा दांडा धरून ओरडायला लागल्या. "मालक म्हणाला होता, घाबरायचं कारण नाही. तो येऊन सांगेल तेव्हाच उतरेन." मुलगा आता तुला आणायला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देतेय. तोवर आजींपाशी मी बसलेय. मघापासून भिंतीतून बारीक करकर येतेय. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या शांत आहेत.

त्याच्याबरोबर लगेच नीघ. जिन्यात कठड्याला धरू नकोस, भिंतीकडेनं ये.

वाट बघतेय,
तुझी छबू