एकोणचाळीस होय

३ मार्च
निवडणूक! धुलाईघरात! इस्त्रीवर नवी आलेली बाई चहाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणाली — अकरा वर्षं तुम्ही कामगार मंडळाचे अध्यक्ष, पण तुम्हाला निवडलं कुणी? मी म्हटलं, प्रेमाने निवडलं. सगळे हसले. ती नाही हसली.

४ मार्च
कशाला हवी निवडणूक? दवाखान्याच्या चादरी धुताना हात सोलून निघायचे, रबरी हातमोजे कुणी आणले? पंखे कुणी लावून घेतले? ड्यूट्या कोण लावतं — बाळंतिणीला सकाळची, म्हाताऱ्याला बसून घड्या घालायची? मीच! बायको तिथेच वाळवणीवर आहे. तिला विचारलं तर म्हणाली, घ्या की मग, भिता कशाला. मी आणि भितो?

९ मार्च
तयारी चोख. माझ्याविरुद्ध उभं राहायला कुणीच तयार नाही, त्याला मी काय करणार! म्हणून साधी चिठ्ठी छापली: अध्यक्ष हेच राहावेत — होय, नाही. हवं त्यावर फुली मारायची. गैरप्रकार नको म्हणून पेटी माझ्याच टेबलावर, आणि पेटीशेजारी मी.

१० मार्च
चाळीसपैकी एकोणचाळीस होय! सगळ्यांना चहा पाजला. छोटंसं भाषणही केलं.

११ मार्च
एक नाही.

१३ मार्च
ती चिठ्ठी घरी आणली. हजेरीपटातल्या सह्यांशी ताडून पाहिली, पण फुलीला कसलं आलंय हस्ताक्षर. तसं ताडायची गरजच नाही, चोर उघड आहे. इस्त्रीवालीला कालपासून बॉयलरवर टाकलं. सूड वगैरे काही नाही, तिथे माणूस कमीच होतं. हाताला फोड आलेत म्हणे. बाकी सगळे हल्ली दोन-दोनदा नमस्कार करतात. निवडून आल्यावर मान वाढतो तो असा!

१६ मार्च
जेवताना बायकोला सांगितलं, कबूल करेपर्यंत ती बाई बॉयलरवरच राहील. बायकोने हातातला घास खाली ठेवला.

"तिने होयवरच फुली मारली. माझ्यासमोर. पोरं आहेत तिला. ते 'नाही' माझं होतं."

का, एवढंच विचारता आलं मला.

"मला कुठलीही ड्यूटी लावलीत तरी संध्याकाळी तुम्हाला माझ्यासमोरच जेवायला बसायचंय. बाकीच्यांना ती सोय नाही."