कम्प्युटरचा कूलर

नागपूर, मे महिन्यातला शेवटचा शनिवार, १९८९

तीर्थस्वरूप भैय्याजी,

धाकट्या अरुंधतीचा वाकून नमस्कार. (पत्रातला नमस्कार असल्यामुळे प्रत्यक्षात वाकले नाही, पण तुम्ही समोर असता तर वाकले असते, म्हणून शब्द खोडत नाही.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींनी लिहिलं होतं की हल्ली तुम्ही जिना उलटे उतरता. त्याने दुखत नसेल तर खुशाल उतरा, पुण्याचे लोक बघतात म्हणून मनावर घेऊ नका. आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे नवतप्याच्या या नऊ जळत्या दिवसांत माणूस जितपत बरा राहू शकतो तितपत. दुपारी नळाचं पाणी थेट चहापत्तीवर टाकता येईल असं येतं. तुमच्यासाठी सांडग्या मिरच्या वाळवल्या आहेत. एका दिवसात वाळल्या, दुसऱ्या दिवशी त्यांचा चुरा झाला. चुरा पाठवते.

हे पत्र निव्वळ खुशाली विचारण्यासाठी आहे. काही मागायचं नाही. तुम्ही कम्प्युटरच्या कंपनीत आहात हा योगायोग समजावा, कारण पुढे मी कम्प्युटरविषयीच लिहिणार आहे.

आमच्या विणकर संस्थेला चार वर्षांपूर्वी एका सरकारी योजनेतून कम्प्युटर मिळाला, हे तुम्हाला आठवत असेल. आमचे अध्यक्ष वामनराव यांनी त्याला हार घालून फोटो काढून घेतला होता. (फोटोत हार कम्प्युटरला आहे की वामनरावांना, हे नीट कळत नाही, दोघेही सारखेच स्तब्ध आहेत.) मी बी.कॉम. आहे म्हणून तो माझ्या ताब्यात आला. त्याचा मी कसा उपयोग करत होते, हे खरं सांगायचं तर असं, की विणकरांच्या मजुरीचा हिशोब आधी हाताने करायचा, मग तो कम्प्युटरमध्ये भरायचा, मग कम्प्युटरने काढलेलं उत्तर पुन्हा हाताने तपासायचं. त्यात दोन फ्लॉप्या, एक काढली की दुसरी घालायची, तव्यावरच्या पोळ्यांसारखं. पण कम्प्युटरबरोबर एक अट आली होती. त्याला गारवा हवा, आणि खोलीत धूळ नको. म्हणून खोलीबाहेर चपला काढायच्या, आणि खोलीला एक मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्या लावलेला. आख्ख्या संस्थेत तो एकच कूलर. वामनरावांच्या केबिनमध्येसुद्धा नुसता पंखा.

आमच्या मागच्या अंगणात टिनाचं शेड आहे. तिथे बायका चरख्यावर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्यातल्या भागीरथाबाई चरख्यावरच कोसळल्या. ऊन लागलं. उचलून कुठे न्यायचं? मी त्यांना कम्प्युटरच्या खोलीत निजवलं. (चपला बाहेर काढायला लावल्या. बेशुद्ध बाईच्या चपला काढून दाराबाहेर जोडीने मांडताना मला माझी शरम वाटली होती, तरी मांडल्याच.) तासाभराने त्यांनी डोळे उघडले, कम्प्युटरकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "काहून वं बाई, मशीनले ऊन लागते, अन् आमाले नाही लागत का?"

दुसऱ्या दिवसापासून उन्हं चढली की सगळ्या बायका दारात चपला काढून, आपापला चरखा घेऊन माझ्या खोलीत येऊन बसू लागल्या. वामनराव दुपारी घरी झोपायला जातात, त्यामुळे त्यांना सांगण्याचा प्रसंग आला नाही. (प्रसंग आला नाही की मी येऊ दिला नाही, यावर मी डायरीत बराच विचार केला आहे. निष्कर्षासाठी जागा सोडली होती, ती अजून रिकामी आहे.) त्यानंतर ऊन लागून कोणी पडलं नाही. एवढं मात्र मी ठामपणे लिहू शकते.

या एप्रिलमध्ये कम्प्युटर बंद पडला. पडद्यावर हिरवी अक्षरं यायची तिथे नुसता एक हिरवा ठिपका आला, आणि तोही गेला. वामनरावांनी खोलीत येऊन त्याच्या डोक्यावर दोनदा थाप मारली आणि निकाल दिला, "मेलेल्याले कायले वारा घालता, बाई? मशीन गोदामात टाका, अन् कूलर माझ्या केबिनमध्ये लावा."

भैय्याजी, त्यावर मी जे भाषण केलं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. ज्या यंत्रावर माझा कधी विश्वास बसला नाही, त्याच्यासाठी मी कार्यकारी मंडळासमोर म्हणाले की कम्प्युटर गेला तर संस्था काळाच्या मागे पडेल. काळ हा शब्द मी तीन वेळा वापरला. तरी कोणी हललं नाही. मग मी सहज म्हणून सांगितलं की उमरेडच्या एका संस्थेने आपल्या जुन्या कम्प्युटरमध्ये हार्डडिस्क बसवून घेतली आहे. वामनराव लगेच सरसावून बसले. "उमरेडवाल्यांकडे आहे, अन् आपल्याकडे नाही?" ठराव तिथल्या तिथे पास झाला. हार्डडिस्क म्हणजे काय हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

दुरुस्तीला शालिकराम नावाचे मेकॅनिक बोलावले. ते सीताबर्डीवर टीव्ही दुरुस्त करतात, आणि कम्प्युटर म्हणजे शिकलेला टीव्ही असं त्यांचं मत आहे. त्यांनी झाकण उघडलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मॅडम, हे कम्प्युटर आहे का गादी? याच्यातून तर उशी निघून राहिली!" खरंच निघाली. चरख्यांवरून उडालेले सगळे तंतू आतला पंखा वर्षभर ओढून घेत होता. पुंजक्यामागून पुंजका निघाला, गेल्या दिवाळीच्या पातळांचा जांभळा मी स्वतः ओळखला. ज्यांना वाचवायला कम्प्युटर हवा होता त्यांनीच तो मारला होता, आणि त्यांना आत घेतलं होतं मी. मी मान खाली घालून उभी राहिले. भागीरथाबाईंनी मात्र तो सगळा कापूस गोळा करून पदरात बांधला. वाया कशाला घालवायचा!

मग मुंबईहून सामान आलं. जुन्या डब्यात हार्डडिस्क बसली, मेमरी वाढली, नवा पंखा लागला, आणि पंख्याला शालिकरामांनी स्वतःच्या कल्पनेने जाळी शिवून घेतली. फ्लॉप्यांची उलटापालट संपली. मजुरीचा जो हिशोब करायला मला आख्खा दिवस लागतो, तो मी कपाळाचा घाम पुसेपर्यंत पडद्यावर आला. माझं आणि त्याचं उत्तर ताडून पाहिलं. एका ठिकाणी जुळलं नाही. तिथे चूक माझी निघाली. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच वागते.

इथवर सगळं छान होतं. पण शालिकरामांना कौतुक हवं होतं. वामनराव पाहायला आले तेव्हा त्यांनी छाती फुगवून सांगितलं, "साहेब, आता याले कूलरची गरजच नाही. उलटा कूलरच्या ओलाव्यानं जंग लागन. साधा पंखा चालते." मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी घाईने स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला, पण बोलणं होऊन गेलं होतं. वामनरावांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या निवडणुकीतही पाहिला नव्हता. सोमवारी कूलर केबिनमध्ये हलणार. मी म्हणाले, एका टीव्हीवाल्याच्या शब्दावर कसं जायचं, कंपनीचं मत घ्यायला नको का? ते म्हणाले, "घ्या ना. तुमचा भाऊ हाये ना पुण्याले? लेखी आणा."

असो. मोठी माणसं म्हणतील तसं करावं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला रोज तेल.

तुमची,
अरुंधती

ता. क. मागायचं काही नाही असं वर लिहिलं, ते लिहिताना खरं होतं. तुमच्या कंपनीच्या कागदावर दोन ओळी मिळतील का? या यंत्राला कूलर आवश्यक आहे, एवढंच. खोटं मात्र लिहू नका. "यंत्राजवळ बसून काम करणाऱ्यांसाठी नागपुरात गारवा आवश्यक" असं लिहिलं तर ते खरंही होईल, आणि वामनराव पहिला शब्द वाचून पुढचं वाचत नाहीत. भागीरथाबाईंना काल सकाळी शेडमध्येच पुन्हा गरगरलं.

ता. क. (मंगळवार) असं लिहायला सांगणं योग्य की अयोग्य हे न ठरल्यामुळे पत्र टाकलंच नव्हतं. दरम्यान काल सकाळी कूलर गेला. वामनरावांनी त्यासाठी केबिनच्या खिडकीचा एक गज कापून घेतला आणि कधी नव्हे ते दुपारी घरी न जाता तिथेच पाय पसरून बसले. बारा वाजले आणि बायकांनी शेडमधून चरखे उचलले. कूलर नाही असं पाहून माझ्या दारातून मागे वळल्या, केबिनपाशी गेल्या, दाराबाहेर चपला ओळीने काढल्या आणि आत जाऊन बसल्या. "अध्यक्षसाहेब, तुमी आपलं काम करा गा," भागीरथाबाई म्हणाल्या, "आमाले तुमची काई अडचण नाही." वार्षिक सभेत दरवर्षी वामनराव हात जोडून सांगतात की माझी केबिन ही तुमचीच आहे. बाहेर जा म्हणणार कसं? तीनला बँकेचे साहेब आले. दाराबाहेरच्या चपला पाहून त्यांनीही बूट काढले आणि आत काय पूजा आहे ते हळूच विचारलं. संध्याकाळी वामनराव निघाले तेव्हा त्यांच्या सफारीवर पिवळं सूत इतकं बसलं होतं की मागून ते हळदीला निघाल्यासारखे दिसत होते.

ता. क. (बुधवार) आज वामनराव स्वतः माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, तुमच्या भावाले लिहिलं का नाही अजून? मशीनले कूलर पायजेच म्हणून स्पष्ट लिहून मागा. तुमचे शालिकराम काय, टीव्हीवाले!" तेव्हा आता ही विनंती माझी नसून अध्यक्षांची आहे, आणि मी ती फक्त कळवते आहे. पत्र आजच टाकते. उत्तराची मात्र बिलकुल घाई करू नका, गुडघा सांभाळून, पावसाळा लागल्यावर सवडीने लिहा. भागीरथाबाई म्हणतात की साहेबांच्या खोलीत वारा जास्त बरा लागतो, वर पंखाही आहे. मीदेखील मजुरीचा हिशोब हाताने तपासायला दुपारी तिथेच बसते. कम्प्युटर अगदी उत्तम चालतो आहे. त्याच्या खोलीत कोणीच नसतं.