चौथ्या मजल्यावरचा ताबा

४ मे, रविवार. नसरापूर

सकाळी देवांना पाणी घातलं, दिवा लावला, मग गॅलरीत उभी राहिले. वरून माणसांची नुसती डोकी दिसतात. नसरापुरात टक्कल कुणाला आणि केस कुणाला, एवढं आता मला पाठ झालंय.

लिफ्टच्या जागी भोक आहे, त्याला फळ्या ठोकल्यात. वीज नाही. नळ चकचकीत आहेत, पाणी तेवढं नाही. बिल्डर शेठ माझ्या लेकाला, दिलीपला म्हणाला, "अक्षय तृतीयेचा मुहूर्त साधून घ्या. राहिलेलं काम काय, होतंय पंधरा दिवसांत." आमी साधला. दूध उतू घातलं, काळूबाई, खंडोबा, भैरोबा, सगळे टाक पाटावर मांडले. सुवासिनी चार जिने चढून दमल्या, जेवल्या, उतरल्या. संध्याकाळी ध्यानात आलं. देव बसले म्हणजे रोज दिवा आला. घरात तर कुणाला राहता येत नाही. कुलूप लावून देव कोंडायचे?

मग ठरलं, म्हातारी राहील. दिलीप, सून सुरेखा, नात पल्लवी, तिघं स्टँडामागं भाड्याच्या खोलीत. मी आणि देव मालकीच्या घरात.

मला अक्षर येत नाही. पल्लवी कापडाच्या दुकानातून सुटली की डबा घेऊन वर येते आणि मी सांगते ते लिहिते. तिनं आपलं शहाणपण मधे घालायचं नाही, असं ठरलंय.

९ मे, शुक्रवार

पासली गावातलं आमचं जुनं घर ज्यांनी घेतलं, त्या पुण्याच्या साहेबांनी दिलीपच्या मोबाईलवर फोटो धाडले. गव्हाणीत फुलझाडं लावलीत. चुलीला रंग देऊन वर दिवे ठेवलेत. सुरेखा म्हणाली, "छान केलंय की." केलंय छान. गव्हाण बघायला असती, हे मला उभ्या जन्मात सुचलं नाही.

घर दिलं, खालची भाताची खाचरं दिली, तेव्हा हे चार भिंतींचं आलं. खाचरात पोहायचा हौद होणार आहे म्हणे. परत जायला तिथं आता…

दिलीपची वडापाची जीप आहे, सीटमागं भाडं घेऊन नसरापूर ते वेल्हे. सीट भरत नाहीत. पोरांच्या बुडाखाली आपापली गाडी आली, आणि बायका एसटीची वाट बघत उभ्या राहतात, त्यांना अर्धं तिकीट. तो बायकांवर चिडतो. मी म्हटलं, "बाबा, मी तुझी आई नसते तर मीबी एसटीनंच गेले असते." हसला नाही.

पल्लवीला आंबवड्याचं स्थळ आलंय. त्यांनी पहिलं विचारलं, घर स्वतःचं का भाड्याचं? दिलीप म्हणाला, स्वतःचं. पोरगा गोरा का काळा ते विचारायचं आमच्याकडून राहूनच गेलं. लिही गं. लाजतेस काय.

१३ मे, मंगळवार

दार वाजलं. शेठचा माणूस वीज जोडायला आला असेल म्हणून उघडलं. दारात माझ्याच वयाची बाई, हातात नवी केरसुणी. मागं तिचा लेक डोक्यावर ट्रंक घेऊन, त्याच्या मागं सून आणि लेकरू. बाई म्हणाली, "तुमी कोण?"

"मी मालकीण. तुमी?"

"मीबी."

मला वाटलं मजला चुकली. लिफ्ट नसली की माणूस दमून एक मजला आधीच थांबतं. पण तिच्या लेकानं, यासीननं, कागद काढला. दिलीपला बोलावलं, त्यानं आपला कागद आणला. दोन्ही कागदांवर नंबर हाच, सही शेठचीच. शेठनं एकच घर दोघांना दिलंय.

दोघं जिन्यात खूप बोलले. आईवरून बोलले, दोघांच्या आया आत उभ्या असताना. शेठचा मोबाईल बंद.

बाई मात्र आतल्या खोलीत गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. म्हणाली, "आक्का, पाय गेले माझे. चढले ती चढले, आता उतरत न्हाई."

नाव जैतूनबी. भोरची.

१६ मे, शुक्रवार

आमच्या वकिलानं दिलीपला सांगितलं, कागद दोघांचे सारखे, पण घरात जो बसलाय त्याचं कोर्टात वजन. ताबा सोडू नका. तिच्या वकिलानंही तेच सांगितलं. वेगवेगळी फी घेऊन.

म्हणून आता पुढची खोली माझी आणि देवांची, आतली तिची. मोरी, ओटा सामाईक. ती पाणी आणायला खाली गेली की मी दार लावीन असं तिला वाटतं, मी गेले की ती लावील असं मला. शेवटी दोघी एकदमच उतरतो, कळशा घेऊन, गुडघे धरत. घर उघडं टाकून.

घरात आल्यावर कुराण पढायचं होतं तिला, माणसं बोलावून. ते राहिलं. काल एकटीच हळू आवाजात पढली. मी देवांना म्हटलं, ऐका, तुमचंही घर नक्की नाही अजून.

२५ मे, रविवार

आज पल्लवी नाही, दुकानात माल आलाय. म्हणून हे जैतूनबी लिहितेय. सातवी पास आहे, त्याचा तोरा आहे. पहिलं वाक्य तिनं स्वतःच्या मनानं लिहून मला वाचून दाखवलं, "आक्काच्या घोरण्यानं झोप येत नाही." मी म्हटलं, माझ्या वहीत माझी निंदा नको, तुझी लिही. तर लिही, जैतूनबीच्या हातचा चहा म्हणजे साखरेचा पाक. लिहिलंस? वाच. बरं.

यासीननं तिची शिलाई मशीन चार जिने चढवून आणलीय. खालच्या चाळीतल्या बायका ब्लाऊज आणून टाकतात. ती शिवते, मी हूक लावते, काजं करते. घराचं भांडण आणि धंद्याची भागी.

हूक लावता लावता तिनं सांगितलं. नवरा सायकली दुरुस्त करायचा, तो गेला. भोरच्या घरात दिरांची वाटणी झाली, तिच्या वाट्याला एक खोली आली, त्यात पाच माणसं. ती खोली दिली, अंगावरचं सोनं मोडलं, यासीननं हायवेच्या गॅरेजात हात काळे केले, तेव्हा हे घर. आता यासीन बायकापोरांना घेऊन सासऱ्याकडं राहतो. घरजावई म्हणून चिडवतात त्याला.

मला वाईट वाटलं. आपल्याला वाईट वाटणं परवडायचं नाही, म्हणून मी उठून भांडी घासायला घेतली. हे तिनं तसंच लिहिलं का, बघायची मला सोय नाही.

७ जून, शनिवार

बकरी ईद. जैतूनबी भोरला गेली नाही. ताबा. यासीन डबा देऊन गेला. ती डबा घेऊन बाहेर जिन्यात बसली, माझ्या देवांना चालायचं नाही म्हणून. मी म्हटलं, "अगं, आमच्या काळूबाईला बोकड लागतो. तू आत बस, तिला हेवा वाटेल फार तर." हसली, पण जिन्यातच जेवली. जेवता जेवता रडली. सणाला पहिल्यांदाच एकटी जेवत होती. मी आपली उंबऱ्याच्या आत, ताट घेऊन. माझं पिठलं.

१५ जून, रविवार

या बिल्डिंगीत घरं घेतलेली माणसं खाली वाळूच्या ढिगापाशी जमली. दिलीप गेला, यासीन गेला. शेठच्या ऑफिसला कुलूप, वरची पाटी काढलेली. कोण म्हणतं शेठ बेंगलोरला आहे, कोण म्हणतं पुण्यातच आहे, फक्त दाढी वाढवलीय. कोर्टात उभं राहायला वर्षं जातील म्हणाले. एका मास्तरांनी ते ऐकलं आणि वाळूवरच बसले.

दोघं परत आले ते बरोबर आले, पण जिना चढताना एक पुढं, एक मागं, अंतर ठेवून. आमच्या दोघींसाठी दोघांनीही केळीच आणलेली.

दिलीपनं जीप विकायला काढलीय. एका कंपनीत रात्रपाळीचा वॉचमन घेतायत. "दुसऱ्याचं दार राखायचं, आई," म्हणाला. मी काहीतरी चेष्टा करणार होते. केळं सोलून त्याच्या हातात दिलं.

२३ जून, सोमवार

जैतूनबीचा थोरला भाऊ गेला, भोरला. यासीन निरोप घेऊन वर आला, खाली कुणाची तरी गाडी चालूच ठेवून. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि दारात अडकली. यासीन म्हणाला, "अम्मी, खोलीत कोण बसणार? मला मयतीला यायला पायजे, बायकोबी लेकराला घेऊन तिकडंच गेली."

ती माझ्याकडं बघत होती. तो बघत नव्हता.

"आक्का," ती म्हणाली, "तीन दिवसांचं आवरलं की मी येते. तेवढी माझी खोली बघाल?"

मी म्हटलं, "जा तू. भाऊ एकदाच जातो. खोली कुठं पळती."

गेली. पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावून लावून उतरत होती. मग मला वाटलं, खोली पळत नाही, म्हणूनच तर…

२४ जून, मंगळवार

दिलीप आला, पिशवीत नवीन कडी आणि कुलूप. जैतूनबी गेल्याचं त्याला यासीनच्या गॅरेजातल्या पोरानं सांगितलं होतं.

"आई, अशी संधी पुन्हा न्हाई. ती आली की दार उघडायचं न्हाई. एवढंच. मशीन, ट्रंक, समदं मी सांभाळून यासीनकडं पोचवतो, एक सुई हरवू देत न्हाई."

मी म्हटलं, "ती माझ्या भरवशावर टाकून गेलीय."

"शेठच्या भरवशावर आपणबी टाकलं होतं."

सुरेखा कधी माझ्यापुढं बोलत नाही. आज बोलली. "आत्या, तुमचं मन मोठं हाय. घर एकच हाय. रविवारी आंबवड्याची माणसं यायची हायत घर बघायला. त्यांना काय दाखवू? आतल्या खोलीत दुसऱ्याची मशीन?"

तिचं खरं आहे. दिलीपचं खरं आहे. पल्लवी डबा घेऊन आली आणि कोपऱ्यात उभी राहिली. मी तिला विचारलं, "तू सांग गं, तुझ्या लग्नाचं आहे." ती म्हणाली, "आजी, माझ्यावर नको टाकू." तेही खरं. मी सगळ्यांना टोमणे मारत जन्म काढला, आज उठून दिव्याची वात पुढं केली.

२५ जून, बुधवार

दिलीपनं बाहेरच्या दाराला आतून कडी बसवली. काम चांगलं केलंय, दार हलत नाही.

आतल्या खोलीचा केर काढला. तिची चटई गुंडाळली, पुन्हा पसरली. मशीनवर धूळ नको म्हणून माझं जुनं लुगडं घातलं. तीन ब्लाऊज अर्धे शिवून टांगलेत, हूक माझ्याकडून राहिलेत. खालची एक बाई आली, "शिवणाऱ्या मावशी कुठायत?" म्हटलं, येतील. म्हणाली, "आणि तुमी त्यांच्या बहीण का?" मी म्हटलं, भाडेकरू. ती हसत गेली. कोण कुणाची, ते तिनं विचारलं नाही.

हूक लावून टाकले. दुसरं काही करता येईना.

२६ जून, गुरुवार

ऊन कलल्यावर दिलीप कामावर जाता जाता वर आला. घरात आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलला. आज त्याची पहिली रात्रपाळी, अंगात कंपनीचा शर्ट, खांद्यात ढगळ. "आई, उद्या येईल ती. आतून कडी काढू नको. मी सकाळी सुटलो की थेट हितंच येतो, मी बोलतो तिच्या लेकाशी. तू फक्त कडी काढू नको. बरं?"

त्याचे डोळे बघवत नव्हते. लहानपणी ताप आला की असा बघायचा. बरं म्हटलं.

दिवेलागणीला पल्लवीच्या मोबाईलवर जैतूनबीचा फोन. आवाज बसलेला. भावाला माती दिली म्हणाली, पाणी फार होतं कबरीत, उपसायला लागलं. मग म्हणाली, "आक्का, तुमी जेवताय ना नीट? डबा उशिरा आला तर उपाशी बसता, मला ठाऊक हाय." मी म्हटलं, जेवते. म्हणाली, "सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते. हितं माझं मन लागत न्हाई. आधण ठेवा, आल्या आल्या चहा घेऊ. साखर मी घालीन."

मी बरं म्हटलं.

पल्लवी विचारते, पुढं काय लिहू. म्हटलं, दोघांना बरं म्हटलं, एवढंच लिही. ती म्हणते, मी आज रात्री इथंच राहू का? नको म्हटलं. तू असलीस तर मी तुझ्याकडं बघून ठरवीन. जा घरी.

दिव्यात तेल घातलंय. सकाळपर्यंत पुरेल.