परातीतलं पिवळं पाणी

अण्णा,

तिकडं सगळे कसे आहेत? मायचे गुडघे अजून धरतात, की आता पायरी चढता येते? आत्याचा दमा थांबला असेल, तिकडं चुलीचा धूर नसला तर. आणि धाकट्याचे डोळे निवळले का? त्याचं तेवढं खरं लिहा. तुम्ही "उतरली" म्हणालात तर मी ऐकणार नाही, मायला विचारून लिहा. तुमच्या तब्येतीचं विचारलेलं नाही. मुद्दामच नाही विचारलं.

इकडं मला लिव्हरचं दुखणं निघालंय. चरबी साचून ते कडक व्हायला लागलंय म्हणतात. नांदेडच्या एका दवाखान्यात या दुखण्यावरच्या नव्या गोळीचा अभ्यास चाललाय, त्यात मी नाव दिलंय. लातूरहून महिन्यातून एकदा एसटीनं जाते. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईनं, आपल्या नातीएवढी पोरगी असेल, कागदांची चळत पुढं ठेवली आणि वाचून दाखवू का म्हणाली. मी म्हणलं, दे इकडं, मला येतं. तुम्ही मला शाळेत घातलं नाही, तुमच्या औषधाची साल कुटायला घरी ठेवलं. लग्नानंतर किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर अक्षरं जुळवत मी शिकले. चष्मा लावला आणि अख्खी चळत वाचून काढली. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, असं त्यात लिहिलं होतं. कुणाला कोणती हे घेणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही.

"मग गुण येईल का गं?"

"माहीत नाही, आजी. तेच तर बघतोय आम्ही."

अण्णा, औषध देणाऱ्याच्या तोंडून "माहीत नाही" हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आणि मला तुमचा असा राग आला की सहीसाठी घेतलेला पेन मी खाली ठेवून दिला. तिला वाटलं, आजी घाबरली. पाणी आणून दिलं बिचारीनं.

तुम्हाला सगळंच माहीत होतं ना? दर रविवारी आपल्या ओसरीवर औसा, रेणापूर, शिरूर अनंतपाळकडनं कावीळ झालेली माणसं उपाशीपोटी येऊन बसलेली असतात. आत मी आंब्याची साल कुटून रस काढतेय. तो रस मी एकेकाच्या तळहाताला चोळते, तुम्ही काहीतरी पुटपुटत परातीत चुन्याची निवळी ओतता, माणूस त्यात हात धुतो आणि पाणी पिवळंजर्द होतं. "बघ, निघाली!" तुम्ही म्हणता आणि लोक तुमच्या पाया पडतात. सालीचा रस चुन्यात गेला की पिवळा होतो, मग कावीळ असो नाहीतर नसो. मला हे ठाऊक होतं, कारण कामं आटोपून मी हात बुडवले तरी पाणी तसंच व्हायचं. एकदा धीर करून विचारलं होतं, "अण्णा, मला तर कावीळ न्हाई, मग माझं पाणी कसं काय पिवळं?" तुम्ही खलबत्त्याकडं बोट केलंत. "तोंड नको चालवू, हात चालव. बोललं की गुण जातो."

बरी झालेली माणसं नारळ घेऊन यायची. ते नारळ तुम्ही कोनाड्यात रचायचात आणि नव्या माणसाला दाखवायचात, "हे बघ, एवढे उठून बसले." अण्णा, मेलेला माणूस नारळ घेऊन कसा येईल? बहुतेक कावीळ आपली आपणच उतरते, असं डॉक्टरीणबाई सांगते. ज्यांची उतरली नाही ते तुमच्या ओसरीवर परत आले नाहीत, आणि का आले नाहीत हे बघायला तुम्ही एकदाही धोतर सावरून त्यांच्या गावाला गेला नाहीत. नांदेडला उलटं आहे. जो तपासणीला आला नाही, त्यालाच आधी फोन. माझ्या शेजारी बाकावर देगलूरकडचे एक आजोबा होते. हळूच म्हणाले, "बाई, मला खडूचीच गोळी लागली बगा. जराबी कडू न्हाई."

"मग सोडून द्या की."

"सोडली व्हती. त्या पोरीनं चारदा फोन केला. म्हणली, गोळी सोडली तरी या, आजोबा, बरं वाटत नसलं तर आधी या. माझ्या सुनंनं कधी येवढं इचारलं न्हाई."

आम्ही दोघं लई हसलो. आणि हसता हसता मला धाकटा आठवला.

एकोणीस वर्षांचा होता. तीन रविवार तुम्ही त्याला परातीपुढं बसवलंत. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं. दिवसभर झोपायचा, आणि जागा झाला की मला आक्का म्हणायचंही विसरायचा. माय म्हणाली, "आवं, लातूरला नेऊ त्याला. सकाळची यष्टी हाय." तुम्ही म्हणालात, "गावाची कावीळ मी उतरवतो, अन् माझं लेकरू दवाखान्यात? लोक थुंकतील माझ्या तोंडावर." तिसऱ्या रविवारी त्याचे हात मीच धरून परातीत बुडवले. पाणी पिवळं झालं. तुम्ही म्हणालात, "उतरली." बुधवारी तो गेला. त्याच्या पुढच्या रविवारी ओसरी पुन्हा भरली होती आणि तुम्ही बाहेरून हाक मारलीत, "साल झाली का गं?" ती हाक मी तुम्हाला माफ केलेली नाही. करणारही नाही.

दवाखान्यात विचारलं, घरात कुणाला लिव्हरचा आजार होता का? म्हणलं, धाकट्या भावाला. उपचार काय केले? म्हणलं, हात धुतले. पोरीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, हसली नाही, जसंच्या तसं लिहून घेतलं. तुमच्या कोनाड्यात त्याची काही खूण नव्हती. त्या कागदावर आहे.

मला एकच विचारायचंय. त्या तिसऱ्या रविवारी तुम्हाला ठाऊक होतं का? ते पिवळं पोराच्या अंगातलं नाही, सालीचं आहे, हे ठाऊक असून तुम्ही "उतरली" म्हणालात का? इतकी वर्षं मी धरून चालले की होतं. त्यावरच तुमचा राग करत आले.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला कळत नाही. घडी करून गोळ्यांच्या डबीखाली ठेवते. पण एक सांगायचं राहिलं. गेल्या सोमवारी माझे रिपोर्ट आले, आकडे वाढलेत. दुपारी घरात कुणी नव्हतं. परसातल्या आंब्याची साल काढली, कुटली, तळहाताला चोळली, परातीत चुना कालवला आणि हात धुतले. साल मीच काढलेली, रस मीच चोळलेला. पाणी पिवळं झालं, आणि अण्णा, मला बरं वाटलं. तोंडातून आपसूक निघालं, "उतरली."

तुमचंही असंच झालं होतं का? पुढच्या तपासणीला मी हे त्या पोरीला सांगणार आहे, ती लिहून घेईल. त्याच्या आत उत्तर पाठवा. लवकर लिहा.