शेवग्याखालचा जॅक

जळगाव,
१२ सप्टेंबर १९५६

प्रिय पुष्पा,

बोर्डिंगात रविवारी तू माझ्या पुढ्यात बसायचीस आणि मी तुझ्या वेण्या घालायचे, आठवतं? फणी अडकली तरी रडायची नाहीस, नुसता माझा गुडघा घट्ट धरायचीस. आज ट्रंक आवरताना तुझी निळी रिबीन सापडली आणि हात तिथेच थांबला.

परवा तुझे अभिमनराव कोर्टाच्या कामाला इकडे आले होते. चहा पिताना आपल्या जॅक कुत्र्याच्या रिकाम्या साखळीकडे बघून सहज म्हणाले, “त्या सुरवंटांनी घात केला, अक्का.” मला सगळं ठाऊक आहे असंच त्यांना वाटलं. मीही तसंच दाखवलं आणि ऐकत राहिले.

गेल्या वर्षीच्या श्रावणात, मी भडगावला नणंदेच्या आजारपणात होते म्हणून जॅक धुळ्याला तुझ्याकडे ठेवला. घरात कानबाईचा सण, तिच्या रोटांचं सोवळ्यातलं दळण, शिवाशिव नको, म्हणून तू त्याला परसात शेवग्याला बांधलंस. मीही बांधलं असतं. पाहुणे यायचे म्हणून त्याच सकाळी खोडावरचे केसाळ सुरवंट पलित्याने जाळून घेतलेस. अर्धवट जळालेले त्याच्यापुढे पडले, ते त्याने चाटले. तोंडाला फेस आला तशी तू फडक्याने जीभ खसाखसा पुसलीस आणि ते विषारी केस आणखी आत रुतले. नुसत्या पाण्याने धुवायचं असतं, हे मलाही काल गुरांच्या डॉक्टरांकडूनच कळलं. त्याचा राग नाही.

पण जीभ काळी पडून तो दोन दिवस कण्हत होता, आणि सणाच्या घरात बोभाटा नको म्हणून तू डॉक्टरांना बोलावू दिलं नाहीस. मला मात्र लिहिलंस, “साप चावला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून शांतपणे गेला.” ह्यांनी पिंपळनेरला रेंजर असताना कोटाच्या खिशातून आणलेलं ते पिल्लू. हे गेल्यावर घरात माझ्या पावलांची वाट बघणारं तेवढंच उरलं होतं. तुझ्या त्या मांडीच्या भरवशावर मी वर्षभर झोपले, पुष्पा. साप चावला एवढंच लिहून थांबली असतीस, तर कदाचित मला इतकं लागलं नसतं.

सोमवारी मुंबईला निघतेय, पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर फारसं बोलत नाहीत, म्हणून आजच लिहिते. आईच्या पाटल्या तुझ्या. शिवणाचं मशीन शेजारच्या वच्छलाबाईंना. ह्यांचा कोट कुणाला देऊ नका, माझ्याबरोबर जाऊ दे. आणि जॅक गेल्यावर मी घरी आणलेली त्याची लेक चिमी तू मागितली होतीस. ती भडगावला नणंदेकडे जाईल.

अजूनही तुझीच,
अक्का