सेपरेटरचे तडे आणि रमिलाताईंची खिडकी

बोर्डी, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. महिनाभर तेच! तलासरीच्या कारखान्यात आम्ही बॅटरीच्या सेपरेटरवर, म्हणजे आतल्या पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यावर, खनिजाच्या भुकटीचा लेप देतो. बॅटरी तापली तरी पडदा आकसू नये, आग लागू नये, म्हणून. आणि माझा लेप भट्टीतून बाहेर आला की तडकलेला. रोज.

आज तर कहरच. सकाळी बघते तर खिडकी सताड उघडी आणि ओल्या लेपाचा एक पडदा तिथे दोरीवर चिमट्याने टांगलेला! आमच्या मदतनीस, झाईच्या कोळीवाड्यातल्या रमिलाताई, शांतपणे म्हणाल्या, "मीच टांगला, मॅडम. बोंबील पण एकदम धगीवर धरले तर फुटतात. आधी वारा लागू द्यायचा." मी सगळ्यांसमोर ओरडले. ही दमट हवा, ही धूळ, बॅटरी म्हणजे काय बोंबील आहे? त्यांनी खिडकी लावली.

दुपारी तोच पडदा रागारागाने भट्टीत टाकला. तडा नाही. भिंगाखाली पाहिलं, तरी नाही. मग कडक तापवला, तर आकसलाही नाही. म्हणजे घाई मीच करत होते? ओला लेप थेट भट्टीत! महिनाभर!

आणि मी काय केलं? रमिलाताईंना काही न सांगता पाचची बस पकडली. ओरडले तेव्हा सगळे ऐकत होते. उद्या सगळे आल्यावरच सांगायचं. आणि खिडकी? ती त्यांना उघडायला नाही सांगायची. मीच उघडेन.